सगळ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत



मी ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. एरवी तुमच्याशी बोलते ते हप्ता, व्याज, गटाचा ठराव नाहीतर पापडाच्या पॅकिंगबद्दल. आज विषय वेगळा आहे. गणपती तोंडावर आलेत. बदलापूरची नणंद, विरारचे दीर, शहापूरचे मामा सगळे एका छताखाली यायचा वर्षातला बहुधा हा एकच दिवस. त्या दिवशी घरोघरी सगळ्यांचा मिळून एक फोटो निघतो. तो नीट कसा काढायचा, ते आज सांगते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? मोबाइल समोर धरायचा आणि बटण दाबायचं. मलाही तसंच वाटायचं. मग माझ्या सासूबाई गेल्या. तेराव्याला फ्रेम करायची म्हणून त्यांचा फोटो शोधायला बसलो. माझ्या एकटीच्या फोनमध्ये चार हजारांवर फोटो होते. एका फोटोत सासूबाई अगदी उजव्या कडेला, नुसता खांदा आणि पदर. एकात त्या मागच्या ओळीत, दिरांच्या डोक्याआड. एकात पूर्ण चेहरा होता, पण हललेला. बाकीच्या फोटोंत त्या नव्हत्याच, कारण त्या वेळी त्या आत मोदकांचं पातेलं उतरवत होत्या. शेवटी त्यांच्या पासबुकावरचा पासपोर्ट फोटो फोटोवाल्याकडून मोठा करून घेतला. तोच आज आमच्या भिंतीवर आहे. बँकेच्या शिक्क्याची निळी कड त्यांच्या कपाळाजवळ अजून दिसते. आणि त्यात त्या हसत नाहीत. एरवी त्यांच्या हसण्याने शेजारची दारं उघडायची.

तेव्हापासून एक नियम मी मनाशी धरला आहे. घरचा फोटो चांगला कधी म्हणायचा? तर त्यात प्रत्येक माणसाचा चेहरा ओळखू आला तर. मखर दिसलं नाही तरी चालेल, साड्यांचे काठ दिसले नाहीत तरी चालेल. आता पुढे जे जे सांगते आहे, ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी उजेड

जुन्या घरांतले आजोबा-पणजोबांचे फोटो आठवा. आजोबा खुर्चीत ताठ, आजी शेजारी उभी, कोणी हसत नाही. त्यांना हसू येत नव्हतं असं नाही. फोटोची कला १८३९ साली जगासमोर आली. सुरुवातीच्या त्या काचा आणि पत्रे उजेडाला फार मंद होते. फोटो उमटेपर्यंत माणसाला कितीतरी सेकंद स्तब्ध राहावं लागे. मान हलू नये म्हणून काही स्टुडिओंत डोक्यामागे लोखंडी टेकूसुद्धा लावत.

आपल्याला वाटतं, आता ते दिवस गेले. पण फोनचा कॅमेराही याच नियमाने चालतो. भरपूर उजेड असेल तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत फोटो घेतो. उजेड कमी असेल तर जास्त वेळ उजेड गोळा करत बसतो. तेवढ्या वेळात तुमचा हात हलला तर सगळा फोटो हलतो, आणि बाळाने मान वळवली तर बाळाचा चेहरा पुसट येतो. म्हणजे फोन महागडा नाही म्हणून फोटो खराब येतो असं नाही. बहुतेक वेळा उजेड कमी पडलेला असतो.

आता आपली गणपतीची खोली बघा. दहा बाय बाराची खोली, एक ट्यूबलाइट, बाप्पाच्या मागे लुकलुकणाऱ्या माळा, आणि सगळे त्या माळांना पाठ करून उभे. कॅमेरा त्या झगमगाटालाच उजेड समजतो आणि पुढचे चेहरे काळवंडतात. यावर उपाय साधा आहे. फोटोपुरत्या माळा बंद करा. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब दोन्ही लागलेले असतील तर पिवळा बल्बही बंद करा, नाहीतर अर्ध्या माणसांना कावीळ झाल्यासारखी दिसते. खिडकी असेल तर ती फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे किंवा बाजूला आली पाहिजे, उभ्या माणसांच्या पाठीमागे नको.

फोनच्या फ्लॅशवर भिस्त ठेवू नका. त्याचा उजेड सहा-आठ फुटांपलीकडे फारसा पोचत नाही. पुढच्या ओळीचे चेहरे पांढरेफटक पडतात, मागची ओळ अंधारात राहते आणि मखराचा चमकीचा कागद तेवढा लखलखतो.

सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे बाप्पासमोर एक फोटो घ्या आणि खरा फोटो बाहेर काढा. चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या आवारात, इमारतीच्या सावलीत. उन्हात नाही, सावलीत. ऊन डोळ्यांवर आलं की सगळे डोळे बारीक करतात आणि नाकाची सावली ओठांवर पडते. उघड्यावरच्या सावलीत घरापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो आणि तो चेहऱ्यावर सारखा पसरतो. भाद्रपदात आपल्याकडे आभाळ बहुतेक भरलेलं असतं. त्याला कुरकुरू नका, ढगाळ दिवस फोटोला उत्तम. फक्त सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो हे लक्षात ठेवा आणि पाचच्या आत उरका.

हाच नियम तलावपाळीवर आणि फडके रोडवरही लागू आहे. ठाण्यात मासुंदा तलावाला पाठ करून संध्याकाळी उभे राहिलात तर पाणी आणि आकाश छान येतं आणि माणसं काळी येतात. उजेडाकडे तोंड येईल अशी जागा शोधा. डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर घोळका उभा करायचा असेल तर गर्दीच्या मधोमध थांबू नका. पूर्ण उजाडू द्या आणि कडेच्या एखाद्या इमारतीच्या सावलीत या.

उभं कसं राहायचं

आपली सवय काय? एका सरळ रेषेत, राष्ट्रगीताला उभे राहावं तसे बाराजण. मग सगळ्यांना मावायला फोटो काढणारा मागे मागे जातो आणि चेहरे मोहरीएवढे होतात. बाराजणांची एक रांग करण्याऐवजी तीन ओळी करा. मध्ये चार-पाच खुर्च्या नाहीतर स्टुलं ठेवा. त्यांवर वडीलधारी माणसं आणि ज्यांना उभं राहायला त्रास होतो ती माणसं बसतील. पुढे सतरंजीवर मुलं, मागे उभी मंडळी.

मागच्या ओळीतल्या माणसाने पुढच्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीत उभं राहायचं. यासाठी मी गटातल्या बायकांना एक खूण शिकवली आहे. "तुला कॅमेऱ्याची काच दिसते का? दोन्ही डोळ्यांनी दिसते?" दिसत असेल तर तुझा चेहरा फोटोत येणार. दिसत नसेल तर अर्धं पाऊल सरक. माझ्या सासूबाईंना हे कोणी विचारलं असतं तर त्या दिरांच्या डोक्याआड राहिल्या नसत्या.

ओळी एकमेकींना चिकटून असू द्या. मागची ओळ पाच फूट मागे राहिली तर ती छोटी आणि पुसट दिसते. खांद्याला खांदा लावून, किंचित तिरकं उभं राहिलं की जागाही कमी लागते आणि पोटही दिसत नाही, हा त्यातला बोनस. चष्मा असेल तर हनुवटी थोडी खाली घ्या, म्हणजे काचेवरची चमक जाते. हातांचं काय करायचं हे कोणाला कळत नाही. बसलेल्यांनी मांडीवर ठेवावेत, उभ्यांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर.

आणि उभं राहण्याआधी मागे एकदा नजर टाका. दोरीवरचा टॉवेल, उघडं बाथरूम, भाजीची पिशवी. दोन मिनिटांत आवरतं, पण फोटोत कायम राहतं.

फोन कसा धरायचा

पहिली गोष्ट, काच पुसा. स्वयंपाकघरातून आलेल्या फोनवर तेलाचं बोट हमखास असतं. सुती पदराच्या टोकाने हलकेच पुसलं तरी पुरे. फोटोत सगळीकडे धुकं आणि दिव्याभोवती झुलपं दिसत असतील तर नव्वद टक्के वेळा कारण हेच, असा माझा अनुभव आहे.

दुसरी, फोन आडवा धरा. दोन्ही हातांनी, कोपरं अंगाला टेकवून. उंची बसलेल्या आणि उभ्या माणसांच्या मध्यावर, म्हणजे साधारण छातीइतकी.

तिसरी, माणसं मावत नाहीत म्हणून ०.५ वर जाऊ नका. ती रुंद काच कडेच्या माणसांना ताणते. कडेच्या काकू फुगतात आणि मग फोटो कोणाला दाखवू देत नाहीत. १ वरच ठेवा आणि मागे सरका. तीन ओळींतल्या बारा माणसांना आठ-नऊ फूट अंतर पुरतं. खोली लहान असेल तर माणसं एका कोपऱ्यात बसवा आणि समोरच्या कोपऱ्यातून फोटो घ्या. दहा बाय बाराच्या खोलीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेपंधरा फूट मिळतात. नाहीतर दाराबाहेर पॅसेजमध्ये उभं राहून आत फोटो काढा. बोटांनी चित्र मोठं करून, म्हणजे झूम करून मात्र काढू नका. त्याने चेहऱ्यांचा रेखीवपणा जातो.

चौथी, पोर्ट्रेट मोड बंद. तो एका चेहऱ्याला धरतो आणि बाकीचं धूसर करतो. म्हणजे पुढचा नातू स्पष्ट आणि मागची आजी धूसर.

पाचवी, पुढच्या ओळीतल्या मधल्या चेहऱ्यावर पडद्यावर बोट टेका. फोन तिथे नेम धरतो. बऱ्याच फोनवर बोट थोडा वेळ दाबून ठेवलं की नेम पक्का होतो, आणि शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते वर सरकवलं की चेहरे उजळतात, खाली सरकवलं की कमी होतात. एवढं करून मगच बटण.

भाच्याकडे मोठा कॅमेरा असेल तर त्याला एवढंच सांगा, छिद्र एफ ८ च्या आसपास आणि वेग १/१२५ सेकंदापेक्षा कमी नको. छिद्र बारीक ठेवलं की पुढची आणि मागची, दोन्ही ओळी स्पष्ट येतात.

किती फोटो काढायचे?

बाराजण असले की एकाचे तरी डोळे मिटतातच. यावर ऑस्ट्रेलियात खरोखर गणित झालंय. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी माणूस मिनिटाला किती वेळा पापणी लववतो, त्याला किती वेळ लागतो, याचा हिशेब मांडला. त्याबद्दल २००६ साली त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला ते मिळतं. त्यांचा नियम आपल्या हप्त्याच्या हिशेबाहून सोपा आहे. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला चांगल्या उजेडात तीनने भागा, कमी उजेडात दोनने. बाराजण असतील तर बाहेर चार फोटो आणि खोलीत सहा. तेवढ्यांत एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला मिळण्याची भरपूर शक्यता. माणसं पन्नासच्या घरात गेली की मात्र आशा सोडा.

म्हणून एकावर थांबू नका. फोटो काढणाऱ्याने मोठ्याने मोजावं, "एक, दोन, तीन", आणि तीन म्हटल्यावर क्षणभर थांबून बटण दाबावं. तीनच्या ठोक्यालाच दाबलं तर बरेचजण त्याच क्षणी डोळे मिटतात. "हसा" म्हणू नका, हसण्यासारखं काहीतरी बोला. आमच्या गटात "कर्ज माफ!" असं ओरडलं की चौदाच्या चौदा बायका हसतात.

फोटोत कोण नाही?

आता खरी गोष्ट. सगळे उभे राहिले, उजेड चांगला, ओळी नीट. बटण दाबण्याआधी मोजा. घरात आज किती माणसं आहेत आणि समोर किती आहेत?

बहुतेक वेळा एक-दोन कमी भरतात, आणि त्या बायका असतात. एक आत पुऱ्या तळतेय. एक बाळाला झोपवतेय. आणि एक फोटो काढतेय. म्हणून आमच्याकडे आता ठरलंय, फोटो आरतीच्या आधी. जेवणानंतर सगळे पांगतात, पुरुष लवंडतात आणि बायका भांड्यांत अडकतात. आरतीच्या आधी गॅस बंद करायचा आणि सगळ्यांनी बाहेर यायचं. पाच मिनिटांनी मोदक गार होत नाहीत.

फोटो काढणारी राहू नये म्हणून टायमर लावा. कॅमेऱ्यात घड्याळाचं चिन्ह असतं, त्यात दहा सेकंद निवडा. स्टँड नसेल तर तांदळाचा डबा उंच स्टुलावर ठेवा आणि त्याला फोन टेकवा. डब्यापुढे एक वाटी उपडी घातली की फोन घसरत नाही. आणखी सोपं म्हणजे शेजारच्या मुलीला बोलवा आणि मग तिच्या घरचा फोटो तुम्ही काढून द्या.

होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईबाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. देश स्वतंत्र होतानाचे प्रसंग त्यांच्या कॅमेऱ्यातून आपल्यापर्यंत आले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. एवढ्या मोठ्या बाईचं नावसुद्धा आधी फोटोखाली नव्हतं. आपण तर घरच्या बायका. आपण स्वतःला मोजलं नाही तर कोण मोजणार?

आणखी एक बोलते, रागावू नका. हळदीकुंकवाच्या एका कार्यक्रमात आम्ही गटाचा फोटो काढत होतो. आमच्यातल्या एक ताई, नवरा जाऊन दोन वर्षं झालेल्या, आपणहून सरकत सरकत पार कडेला गेल्या. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. या जागा आपल्या अंगवळणी पडलेल्या असतात. गटातल्या सगळ्यांत जुन्या सदस्य त्याच. आम्ही फोटो थांबवला आणि त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. त्या बसल्या, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. तो फोटो आज त्यांच्या घरात टीव्हीच्या वर लावलेला आहे. तुमच्या घरातही असं कोणी कडेला सरकत असेल. त्यांना आत घ्या. कडेचं माणूस फोटोत आधी कापलं जातं.

फोटो काढल्यावर

माणसं पांगायच्या आत फोटो मोठा करून एकेक चेहरा बघा. फोनच्या छोट्या पडद्यावर सगळंच छान दिसतं. कोणी हललं असेल तर लगेच दुसरा काढता येतो, पुढच्या वर्षी नाही.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो. याचा हिशेब असा. फोनचा फोटो रुंदीला साधारण चार हजार ठिपक्यांचा असतो. बाराजणांच्या फोटोत एका चेहऱ्याच्या वाट्याला त्यातले दोनशेच्या आसपास येतात. आकसल्यावर उरतात पाऊणशे. उद्या त्यातला एकच चेहरा मोठा करायची वेळ आली तर चौकोन चौकोन दिसतात. म्हणून पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

पण दोनशे ठिपकेसुद्धा भिंतीवरच्या फ्रेमला कमीच. म्हणून सगळ्यांचा फोटो झाला की त्याच उजेडात, त्याच खुर्चीवर, घरातल्या वडीलधाऱ्यांचा एकेकाचा वेगळा फोटो घ्या. जवळून, खांद्यापर्यंत, आणि त्या हसत असताना. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटी एक प्रत छापून घ्या. चार बाय सहा इंचाच्या छपाईला असा फोटो अगदी पुरतो. मागे पेन्सिलने सगळ्यांची नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने, आणि वर्ष घाला. नुसतं "काकू" लिहू नका, काकूंचं नाव लिहा. पन्नास वर्षांनी तो फोटो बघणाऱ्याला ती कोणाची काकू हे कळणार नाही.

तर मैत्रिणींनो, यंदा आरतीच्या आधी गॅस बंद करा, माणसं मोजा आणि स्वतःलाही मोजा. आमच्या घरी यंदा मधल्या खुर्चीवर माझी आई बसणार आहे. "मला कशाला, माझं काय बघायचं," असं ती आत्तापासून म्हणतेय. सासूबाईही हेच म्हणायच्या, आणि आम्ही ऐकायचो. या वेळी ऐकणार नाही.

गणपती बाप्पा मोरया! नमस्कार.